लंडन ते अकोला : अंतर किती, वेळ किती?

परगावचा माणूस घरी यायचा असला की आपल्याकडे "किती वाजता पोचेल?" असे विचारतात. तो किती मैलांवरून येतो आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. अंतराचा आकडा शाळेतल्या मुलांसाठी आणि वेळेचा आकडा घरातल्या माणसांसाठी, अशी ही वाटणी झालेली आहे. आम्ही शाळेत फार दिवस काढले नाहीत. जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या सभांमध्ये शिकलो. त्यामुळे या दोन आकड्यांचा परस्परसंबंध काय, हे आम्हांला कोणी फळ्यावर शिकविले नाही. तो धडा एका मयताच्या ओट्यावर मिळाला, आणि आज या व्यासपीठावरून त्याविषयीच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीचा महिना होता. हमालांच्या संघटनेतले आमचे एक जुने सहकारी अकोल्यास मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमारास वारले. त्यांचा मुलगा लंडनला नोकरीस होता. बापाने पोती वाहून त्याला शिकविलेले. फोन ताबडतोब लागला. आवाज अकोल्याहून लंडनला जाण्यास क्षणही लागला नाही, आणि याच गोष्टीने आम्ही सर्व फसलो, असे आता वाटते. आवाज इतका झटकन पोचतो, तर माणूसही पाठोपाठ येईल, अशी मनाची समजूत होते.

ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी विचारले, "भाऊ, इमान किती घंट्याचं हाय?" आम्ही शहाणपणाने सांगितले, नऊ तासांचे. ते खरेही होते. रात्री नवाच्या सुमारास मुलाने तिकिटाचे चित्र पाठविले. लंडनहून रात्री साडेनऊ, मुंबईस दुसऱ्या दिवशी दुपारी बारा. आम्ही कागद घेतला आणि हिशेब मांडला. बारा वाजता मुंबई, पुढे नागपूरचे विमान दीड तासाचे, नागपूर ते अकोला मोटारीने साडेचार तास. संध्याकाळी सहाला मुलगा दारात. सूर्यास्ताच्या आत सगळे आटोपेल. रात्रीच नातलगांना निरोप गेले : बाळापूर, पातूर, मूर्तिजापूर, दर्यापूर. बर्फ एका दिवसापुरता सांगितला.

बुधवारी दुपारी दीड वाजता मुलाचा मुंबईहून फोन आला. पासपोर्टची रांग आणि सामान यांतून तो तेव्हा कुठे बाहेर पडला होता. नागपूरच्या विमानात जागा मिळाली होती ती सायंकाळी साडेपाचची. तेथून मोटारीने निघाले तरी अकोल्यास मध्यरात्र. मुंबईहून थेट मोटार केली असती तर आणखी तासभर उशीरच. इकडे खेड्यापाड्यांतून माणसे येऊन बसलेली, घरातल्या बायकांनी कालपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही, दुसरी रात्र काढण्याची कसलीच व्यवस्था केलेली नाही. मुलगाच म्हणाला, "काका, नका थांबू आता." सहा वाजता पुतण्याने अग्नी दिला. मुलगा रात्री बारा वाजता आला.

आम्ही आदल्या रात्रीच "मध्यरात्र" असे सांगितले असते, तर नातलगांना गुरुवार सकाळचा निरोप गेला असता, शीतपेटी मागविली असती आणि काही बिघडले नसते. चूक आमची होती. ती नेमकी कोठे झाली, हे शोधण्यासाठी आम्ही पुढे पुष्कळ वाचले, विचारपूस केली. ते आता क्रमाने सांगतो.

प्रथम अंतर. आपल्याकडे संत्र्याला तोटा नाही, म्हणून वरुडचे एक गोल संत्रे घ्या. देठाकडचा भाग उत्तर ध्रुव समजा. एक टिंब लंडनचे करा, एक मुंबईचे. दोन टिंबांमध्ये दोरा ताणून धरा. तो दोरा ज्या वाटेने बसतो तीच पृथ्वीवरची सर्वांत जवळची वाट. भिंतीवरच्या नकाशावर मात्र पट्टी ठेवली की वेगळीच वाट दिसते, कारण संत्र्याची साल सपाट करावयाची म्हणजे ती कोठेतरी ताणावीच लागते. पट्टीप्रमाणे लंडनहून मुंबईला जाणारा माणूस निघताच आग्नेयेकडे वळतो. दोऱ्याप्रमाणे जाणारे विमान निघताना जवळजवळ नीट पूर्वेकडे तोंड करते. जर्मनीवरून काळ्या समुद्राकडे जाते, मग कॉकेशस आणि इराण ओलांडून हळूहळू दक्षिणेकडे झुकते. मुंबई आग्नेयेला आणि विमानाचे तोंड पूर्वेला, हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांला छपाईची चूक वाटली होती. संत्र्यावर दोरा धरल्यावर पटले.

या दोऱ्याची लांबी काढणे अवघड नाही. पृथ्वीचा घेर ठोकळमानाने ४०,००० किलोमीटर. पूर्ण वर्तुळाचे अंश ३६०. लंडन आणि मुंबई यांच्यामधला दोरा यांपैकी सुमारे ६५ अंश व्यापतो. त्रैराशिक मांडले की ७,२०० किलोमीटर येतात. वैमानिक किलोमीटर वापरीत नाहीत. ते सागरी मैल वापरतात, आणि त्यात एक सोय आहे. एका अंशाचे ६० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. ६५ अंश म्हणजे ३,९०० सागरी मैल.

मोठे जेट विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जाते. ७,२०० ला ९०० ने भागा, आठ तास. मग तिकिटावर नऊ कसे? आणि मुंबईहून लंडनला जाताना तेच विमान दहा तासांच्या घरात कसे जाते? जातानाची वाट लांब आणि येतानाची जवळची, असे तर असू शकत नाही.

याचे पहिले कारण वारा. जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे मोठे लोट वाहतात. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरपर्यंतही जातो. पूर्णेला पूर आला असता प्रवाहाबरोबर जाणारा नावाडी आणि प्रवाहाविरुद्ध येणारा नावाडी यांना सारखा वेळ लागेल काय? तसेच हे. येणाऱ्याला वारा ढकलतो, जाणाऱ्याला अडवितो.

दुसरे कारण माणसांनी निर्माण केलेले आहे. संत्र्यावरच्या दोऱ्याला सरहद्द ठाऊक नसते, विमानाला ती पाळावी लागते. २०१९ साली २७ फेब्रुवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपले बहुतेक आकाश बंद ठेवले. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू होताच प्रवासी विमानांना बंद झाले, म्हणजे आपल्या दोऱ्याच्या वाटेवरच खड्डा पडला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मज्जाव केला, आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेस जाणाऱ्या आपल्या विमानांना समुद्राकडून वळसा घ्यावा लागला. वळसा म्हणजे तेल आणि वेळ. दोन्हींची भरपाई शेवटी तिकीट काढणाराच करतो, हे सांगावयास नकोच.

तिसरे कारण विमानाच्या चाकाजवळ आहे, आणि तेच आम्हांला सर्वांत उद्बोधक वाटले. विमानतळावर उभ्या विमानाची चाके घसरू नयेत म्हणून त्यांच्यापुढे गुटके लावतात, आपल्याकडे चढावर उभ्या ट्रकच्या चाकाखाली दगड लावतात तसे. वेळापत्रकात छापलेला वेळ हा हवेतला वेळ नसतो. गुटके काढल्यापासून मुक्कामी पुन्हा गुटके लागेपर्यंतचा तो वेळ असतो. त्यात धावपट्टीपर्यंत सावकाश सरकणे आले, पुढच्या विमानांच्या मागे उभे राहणे आले, मुंबईच्या आकाशात उतरण्याची पाळी येईपर्यंत घिरट्या घालणे आले.

घरचेच उदाहरण घ्या. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीचा बेलोरा विमानतळ प्रवाशांसाठी सुरू झाला. मुंबईचे जे विमान सुरू झाले ते पंख्याचे, सुमारे सत्तर आसनांचे. बेलोरा ते मुंबई हे दोऱ्याचे अंतर आम्ही मोजले, ते ५४० किलोमीटरच्या आसपास भरते. आगगाडीचा रूळ बडनेऱ्याहून मुंबईपर्यंत साडेसहाशेच्या वर जातो. हे विमान ताशी ५०० किलोमीटर जाते असे धरले, तर पाच-दहा मिनिटे वर धरून सव्वा तासाच्या आत पोचावे. वेळापत्रकात मात्र पावणेदोन तास. जवळजवळ अर्धा तास हा गुटक्यांपासून धावपट्टीपर्यंतचा, चढण्या-उतरण्याचा आणि रांगेचा. मार्ग जितका आखूड, तितका या फुटकळ वेळाचा वाटा मोठा. लंडनच्या नऊ तासांत अर्धा तास कोणाच्या लक्षातही येत नाही.

गुटक्यांचा विषय निघाला म्हणून एक आडवळण घेतो. अनेक विमान कंपन्यांत प्रवाशांची सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा पगारही या गुटक्यांवरच मोजला जात असे, व काही ठिकाणी अजून जातो. विमान हलण्यापूर्वी प्रवाशांना बसविणे, सामान वर ठेवणे, उशीर झाला तर त्यांची बोलणी खाणे, हा सारा वेळ कामाचा असूनही हिशेबाबाहेर. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी याच प्रश्नावर संप केला. सरकारने कामावर परतण्याचा हुकूम सोडला, तो त्यांनी मानला नाही, आणि तीन-चार दिवसांत तडजोड होऊन जमिनीवरच्या वेळेचाही काही मोबदला ठरला. हे वर्तमान वाचून आमच्या हमाल मंडळींना मुळीच नवल वाटले नाही. त्यांची मजुरी पोत्यामागे. ट्रक दुपारी दोनला यावयाचा तो सातला आला, तर मधले पाच तास झाडाखाली बसून गेले ते कोणाच्या वहीत चढत नाहीत. एक जण म्हणाला, "म्हणजे आकाशातही आपलंच हाय."

आता घड्याळाकडे वळू. मुलाच्या तिकिटावर रात्री साडेनऊ ते दुपारी बारा असे होते. ओट्यावरच्या एका शिक्षकांनी बोटे मोजून साडेचौदा तास सांगितले व आमच्याशी वाद घातला. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची छापतात, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. हिवाळ्यात आपले घड्याळ लंडनच्या साडेपाच तास पुढे असते. उन्हाळ्यात ते लोक आपली घड्याळे तासभर पुढे सारतात, तेव्हा फरक साडेचार तासांचाच राहतो. साडेचौदातून साडेपाच वजा करा, नऊ राहिले. पुन्हा संत्रे हाती घ्या. पृथ्वीच्या २४ फोडी कल्पिल्या, तर सूर्य दर तासाला एक फोड ओलांडतो. एक फोड १५ अंशांची, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. आपले प्रमाणवेळेचे घड्याळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर लावलेले आहे. अकोला ७७ अंशांवर आहे. साडेपाच अंश गुणिले चार, म्हणजे अकोल्याचा सूर्य घड्याळापेक्षा २२ मिनिटे मागे असतो. मुंबईचा तर जवळजवळ ३९ मिनिटे.

हे किरकोळ समजू नका. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने प्रमाणवेळ लागू केली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांत मोठा असंतोष माजला होता. भोंगा त्याच आकड्यावर, पण सूर्याच्या मानाने ३९ मिनिटे आधी वाजणार, म्हणजे झोपेतून तेवढा वेळ काढून घेणे झाले. मुंबई महापालिकेने तर पुढे कित्येक वर्षे आपली जुनी मुंबई वेळ सोडली नव्हती. घड्याळ कोणाच्या सोयीने लावावयाचे, हा प्रश्न आपल्याकडे रस्त्यावर लढविला गेलेला आहे. असो.

तर अंतराचा हिशेब आम्ही बरोबर केला होता, वाऱ्याचा कंपनीनेच केलेला होता, घड्याळाचाही आम्हांला समजला होता. मग चुकले काय? नंतर एकदा आम्ही त्या मुलाला बसवून त्याच्या प्रवासाचा तास न् तास लिहून घेतला. फोन गेला तेव्हा लंडनला दुपारचा दीड वाजला होता. तेथून विमान सुटेपर्यंत ८ तास : कचेरीत सांगणे, तिकीट शोधणे, घरी जाऊन पासपोर्ट घेणे, तीन तास आधी विमानतळावर हजर होणे. मग विमानात ९ तास. मुंबईत बारा ते साडेपाच, साडेपाच तास. नागपूरपर्यंत दीड तास. तेथून बाहेर पडून मोटारीने अकोल्यापर्यंत ५ तास. एकूण २९. यांपैकी विमानांत गेले ते अवघे साडेदहा तास. साडेतेरा तास कोठेच न जाता गेले, नुसते उभे राहून, बसून आणि तयारीत. आमच्या कागदावर त्यांना रकानाच नव्हता. हमालांच्या थांबण्याचा वेळ मजुरीत धरा म्हणून आयुष्यभर मालकांशी भांडलो, आणि स्वतः हिशेब करताना थांबण्याचा वेळ शून्य धरला!

हा थांबण्याचा वेळ टाळता येतच नाही असे मात्र नाही, आणि त्याचा उत्तम दाखला आपल्या विदर्भातच घडून गेला आहे. ३० जानेवारी १९४९ पासून देशात रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांहून रात्री एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्या आणि उतारू यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या शहरी परत. ती डाकोटा विमाने आजच्या जेटच्या मानाने फारच सावकाश उडत. तरी रात्री टाकलेले पत्र सकाळी दुसऱ्या टोकाला पोचे, कारण एक विमान दुसऱ्यासाठी थांबेल असेच ते वेळापत्रक आखलेले होते. ही सेवा सत्तरीच्या दशकात बंद झाली. आज विमानांचा वेग तिप्पट झाला, पण लंडनच्या विमानाला नागपूरच्या विमानाची माहिती असलीच पाहिजे, असे नाही.

जमिनीवरचे आपले शेवटचे टप्पे तर विचारूच नका. अकोला ते अमरावती हा शंभर किलोमीटरांच्या आतला रस्ता कित्येक वर्षे असा होता की तीन तासांची खात्री नसे. जून २०२२ मध्ये याच मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून जागतिक विक्रम झाला. त्या पाच दिवसांत ७२० माणसे रात्रंदिवस राबली, हेही विक्रमाबरोबर लक्षात ठेवण्यासारखे आहे. आज आम्ही अकोल्याहून या सभेला दोन तासांत आलो ते त्या लोकांच्या जिवावर. अकोल्याच्या शिवणी विमानतळाच्या धावपट्टीची लांबी वाढविण्याची मागणी मात्र आम्ही तरुण असल्यापासून ऐकत आहो.

बेलोऱ्याचे विमान तेव्हा असते तर काय झाले असते, हेही आम्ही मांडून पाहिले. एप्रिल २०२५ च्या वेळापत्रकाप्रमाणे ते दुपारी अडीचला मुंबईहून निघून सव्वाचारला बेलोऱ्यास येई, आठवड्यातून तीन दिवस : सोमवार, बुधवार, शुक्रवार. मुलगा दीडला बाहेर पडला होता. धावतपळत ते विमान गाठता आले असते. सव्वाचारला उतरून, मोटारीने दोन तास धरले, तर साडेसहाच्या सुमारास घरी. म्हणजे साडेपाच तास आधी. सूर्यास्त तरीही टळला असता, पण अर्ध्या तासासाठी सारे थांबले असते. आणि हेही तो बुधवार होता म्हणून. गुरुवार असता तर पुन्हा नागपूर आणि पुन्हा मध्यरात्र.

आता आमच्या वस्तीत कोणाकडे असा प्रसंग आला की आम्ही कागदाचे तीन रकाने करतो. पहिल्यात चालते वाहन, मग ते विमान असो की एस. टी. दुसऱ्यात थांबण्याचे तास. तिसऱ्यात आपले घड्याळ, दुसरे कोणतेही नाही. विमान किती तासांचे, हे सर्वांत शेवटी विचारतो. आधी विचारतो की ते सुटते केव्हा, आणि उतरल्यावर पुढचे वाहन कोणते व त्यात जागा मिळाली आहे काय. परदेशातून उतरणाऱ्याला बाहेर पडण्यास दीड तास, हा आकडा आम्ही कमी करीत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

गेल्या वर्षी एका जिनिंग कामगाराला मोठ्या दवाखान्यात हलविले. त्याचा मुलगा मस्कतला. मस्कत ते मुंबई विमान अडीच-तीन तासांचे, म्हणून घरच्यांनी संध्याकाळचा अंदाज बांधला होता. आम्ही तीन रकाने भरले, मुंबईहून रात्रीच्या गाडीत जागा आहे याची खात्री केली, आणि खाली पहाटे साडेचार लिहिले. बायकोने तो कागद उशाशी ठेवला. मुलगा पाच वाजता आला, वीस मिनिटे गाडीला उशीर आणि दहा मिनिटे स्टेशनाबाहेर रिक्षा मिळेना म्हणून. बाप जागा होता.